विद्यापीठाची माहिती अपंग व्यक्तींना वाचता येते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विभागांमधले लिपिक, परीक्षा विभाग, ग्रंथालय आणि प्राध्यापक मंडळी हे प्रश्न आम्हाला पुन्हा पुन्हा विचारतात. उत्तरं वेबसाइट सांभाळणाऱ्या माणसाने लिहिली आहेत, त्यामुळे अधूनमधून सूर चिडका लागला तर सांभाळून घ्या.

परिपत्रक वेबसाइटवर चढवलं. आता ते सगळ्यांना मिळालं, नाही का?

मिळालं, पण वाचता येईलच असं नाही. एका परिपत्रकाचा प्रवास बघा. लिपिक ते संगणकावर टाइप करतो. त्या घडीला फाइल उत्तम असते. तिच्यातला मजकूर मोठा करता येतो, त्यात शब्द शोधता येतो, तो यंत्राकडून मोठ्याने वाचून घेता येतो. मग तिची प्रिंट निघते, जावक क्रमांक पडतो, साहेबांची सही होते, शिक्का बसतो आणि तो कागद स्कॅनरवर थोडा तिरका ठेवून त्याचा फोटो काढला जातो. हा फोटो पीडीएफ होऊन आमच्याकडे येतो. आपल्याला पडद्यावर कागद दिसतो, म्हणून काही बिघडलंय असं वाटतच नाही. पण त्यात आता एकही अक्षर उरलेलं नाही, नुसते काळे-पांढरे ठिपके आहेत. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर दृष्टिहीनांना मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम, अशा फाइलपाशी येऊन ‘पान रिकामं आहे’ म्हणतो, नाहीतर गप्प बसतो.

एकदा असंच एक परिपत्रक माझ्याच हातून चढवलं गेलं. विषय होता, परीक्षेसाठी लेखनिक हवा असेल तर अर्ज कधीपर्यंत करायचा. ज्यांच्यासाठी ते काढलं होतं, नेमक्या त्यांनाच ते वाचता येत नव्हतं. म्हणजे आधी वाचता येत असलेली माहिती आपण स्वतः मेहनत घेऊन न वाचता येणारी करतो. या पानावरची बरीच उत्तरं फिरून इथेच येतील.

सही-शिक्का नसलेल्या परिपत्रकाला कोण विचारतो?

सही काढून टाका असं कुणीच म्हणत नाही. लिपिकाने टाइप केलेला मूळ मजकूर वेबपानावर ठेवा आणि सहीची स्कॅन प्रत हवी त्याच्यासाठी खाली जोडा. जिथे डिजिटल सहीची सोय आहे तिथे प्रिंट काढायचं कारणच उरत नाही. स्कॅन प्रतीवर ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखणारा प्रोग्राम, चालवून अक्षरं परत मिळवता येतात, पण देवनागरी जोडाक्षरांवर ते अडखळतं आणि तारखेवर शिक्का बसला असेल तर ती तारीख गेलीच. मूळ फाइल शेजारच्या टेबलावरच्या संगणकात असताना हा खटाटोप कशाला?

स्क्रीन रीडर वापरणारी व्यक्ती पान नेमकं कसं वाचते?

वरपासून खालपर्यंत सगळं ऐकत बसते, असा समज आहे. तसं कुणी करत नाही. आपण जशी पानावरून नजर फिरवतो, तशी ती व्यक्ती कानाने पान चाळते. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर २००६ मध्ये मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या दृष्टिहीन तरुणाने सुरू केला आणि जेम्स टेह हा त्याचा दृष्टिहीन मित्र त्याला येऊन मिळाला. त्यात ‘एच’ ही कळ दाबली की पुढचं शीर्षक येतं, ‘के’ दाबली की पुढची लिंक, ‘टी’ दाबली की पुढचा तक्ता. सरावलेली व्यक्ती हे इतक्या वेगाने ऐकते की शेजारी बसलेल्याला पहिल्यांदा एक शब्दही कळत नाही.

आता आपलं पान या कळांनी चाळून बघा. शीर्षक म्हणून आपण काय केलेलं असतं? ओळ ठळक केली, फाँट मोठा केला, खाली रेघ मारली. डोळ्याला ते शीर्षक दिसतं, पण यंत्राच्या लेखी ती साधी ओळच असते. ‘एच’ दाबल्यावर उत्तर येतं, पुढे शीर्षक नाही. वर्डमध्ये ‘हेडिंग १’, ‘हेडिंग २’ या तयार शैली याचसाठी दिल्या आहेत आणि त्या वापरायला ठळक करण्याइतकाच वेळ लागतो.

लिंकांचंही तसंच. पानावरच्या सगळ्या लिंकांची यादी एका फटक्यात ऐकता येते. आपल्या पानाची यादी अशी ऐकू येते: इथे क्लिक करा, इथे क्लिक करा, डाउनलोड, इथे क्लिक करा. ‘परीक्षा अर्जाचा नमुना’ असं लिंकवरच लिहिलं असतं तर शोधाशोध वाचली असती.

मजकूर युनिकोडमध्ये आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी, सगळ्या यंत्रांना कळणारी पद्धत. दोन शब्द कॉपी करा आणि मोबाइलच्या मेसेजमध्ये चिकटवा. मराठी दिसली तर युनिकोड. रोमन अक्षरांचा गुंता दिसला तर जुना फाँट.

जुन्या फाँटांची गंमत अशी की ते मुळात रोमन अक्षरांना मराठी मुखवटा चढवतात. कृतिदेव या अशाच जुन्या फाँटमध्ये ‘भारत’ टाइप केलं की फाइलच्या आत एच, के, के, जे, आर अशी पाच अक्षरं साठतात. स्क्रीन रीडरला मुखवटा दिसत नाही, आतलं दिसतं. त्यामुळे अख्खी नियमावली तो अगम्य भाषेत वाचून दाखवतो. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं आहेत, पण बदलल्यावर एकदा नजरेखालून घाला. र्‍हस्व वेलांटी आणि रफार हमखास भलत्या अक्षरावर जाऊन बसतात.

आणखी एक काम वेबसाइट विभागाचं. पानाची भाषा मराठी आहे हे पानाच्या कोडमध्ये ‘एमआर’ या खुणेने सांगावं लागतं. ते सांगितलं नाही तर मराठी मजकूर इंग्रजी किंवा हिंदी आवाजाच्या तोंडी पडू शकतो. हिंदी आवाजात ‘चांगला’ मधला च ऐकून बघा, म्हणजे कळेल.

मग पीडीएफ टाकूच नये का?

टाका, पण वेबपान शक्य असेल तर ते आधी. मोबाइलवर वेबपानाच्या ओळी पडद्याच्या रुंदीप्रमाणे वळतात, पीडीएफच्या सहसा वळत नाहीत. देवनागरी पीडीएफमध्ये आणखी एक खोट असते. डोळ्याला सगळं ठीक दिसतं, पण आत काना-मात्रांचा क्रम उलटापालटा झालेला असतो आणि वाचन तुटक होतं. पीडीएफ करायचीच असेल तर वर्डमधून ‘सेव्ह अ‍ॅज’ करून करा. ‘प्रिंट टू पीडीएफ’ केलं की शीर्षकं, याद्या, तक्ते यांच्या आतल्या खुणा, म्हणजे टॅग, पुसल्या जातात. सुगम, म्हणजे अपंग व्यक्तींनाही वापरता येणाऱ्या, पीडीएफसाठी २०१२ पासून आयएसओचं स्वतंत्र मानकही आहे, पीडीएफ/यूए नावाचं. ते पाठ करायची गरज नाही, टॅग टिकवलेत तरी अर्धी लढाई जिंकलीत.

परीक्षेच्या वेळापत्रकाचा तक्ता सगळ्यात जास्त बघितला जातो. तो कसा करावा?

इथे परीक्षा विभागाशी आमचं कायमचं भांडण आहे. छापील वेळापत्रक सुंदर दिसावं म्हणून एकाच तारखेच्या चार ओळी जोडून एक मोठा चौकोन केला जातो, मध्येच ‘दुपार सत्र’ अशी आडवी पट्टी येते आणि शाखेचं नाव डावीकडे उभं लिहिलेलं असतं. स्क्रीन रीडर तक्ता घराघरातून वाचतो. ‘रसायनशास्त्र पेपर २’ या घरात गेल्यावर त्याने तारीख आणि वेळही सांगावी ही अपेक्षा. पण जोडलेल्या घरांमुळे ऐकू येतं ते असं: रिकामं, रिकामं, दुपार सत्र, रिकामं, रसायनशास्त्र पेपर २. कोणत्या दिवशी? ते तीन ओळी वर कुठेतरी राहिलं.

प्रत्येक ओळीत तारीख, वार, वेळ, विषय, विषयाचा कोड पुन्हा लिहा. तीच तारीख चारदा आली तर येऊ द्या. पहिली ओळ मथळ्याची आहे असं तक्त्याच्या गुणधर्मांत नमूद करा. घरं जोडू नका. मोकळी जागा पाडण्यासाठी रिकाम्या ओळी टाकू नका. असं वेळापत्रक मोबाइलवर आपल्यापुरतं गाळून बघणाऱ्या सगळ्यांनाच सोपं जातं. एका वर्षी आम्ही तसं केलं, तेव्हा ‘माझा पेपर कधी आहे’ विचारणारे फोन कमी झाल्याचं परीक्षा विभागानेच सांगितलं. पुढच्या सत्रात मात्र तक्ता पुन्हा जोडलेल्या घरांचा आला, कारण टाइप करणारी व्यक्ती बदलली होती.

बदललेले पेपर लाल रंगात दाखवले आहेत. ते चालेल?

रंग ठेवा, पण शेजारी ‘बदल’ हा शब्दही लिहा. लाल-हिरव्यातला फरक न कळणारे पुरुष भरपूर असतात आणि त्यांतल्या अनेकांना स्वतःलाही ते ठाऊक नसतं.

रंगाचा विषय निघालाच आहे तर फिक्या करड्या अक्षरांबद्दल बोलू. वेबवरच्या सुगमतेचे जागतिक निकष डब्ल्यूथ्रीसी ही संस्था ठरवते. पहिली आवृत्ती १९९९ ची, दुसरी २००८ ची, आणि २०२३ मध्ये २.२ ही आवृत्ती आली. त्यांच्या ‘डबल ए’ पातळीनुसार नेहमीच्या आकाराचा मजकूर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्यातला उजळपणाचा फरक किमान ४.५ ला १ हवा. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१ ला १. पांढऱ्या पानावर ७६७६७६ या रंग-कोडचा करडा रंग कसाबसा पास होतो आणि त्याहून जरासा फिका ७७७७७७ नापास. डिझाइन करणाऱ्यांना शोभून दिसणारा करडा बहुतेक वेळा या दोघांहूनही फिका असतो. भर उन्हात मोबाइल धरून प्रवेशाची तारीख शोधणाऱ्याला विचारा.

‘नवीन’ अशी लुकलुकणारी पाटी लावली तर लक्ष वेधलं जातं ना?

जातं, आणि तिथून हलतच नाही. ज्यांना लक्ष एकवटायला कष्ट पडतात त्यांना शेजारची ओळ वाचणं अवघड होतं. पाच सेकंदांहून जास्त वेळ आपोआप हलणारी गोष्ट थांबवायची सोय हवी, असा निकष आहे. सरकती पट्टीही त्यात आली. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा चमकणाऱ्या गोष्टीने फेफरं येऊ शकतं, ती तर नकोच. आणि तीन वर्षांपूर्वीच्या नोटिशीवर अजूनही ‘नवीन’ लुकलुकतंय, त्याचं काय करायचं ते तुम्हीच सांगा.

कार्यक्रमाचं पोस्टर चित्र म्हणून टाकतो. त्याला पर्यायी मजकूर काय द्यावा?

पर्यायी मजकूर म्हणजे चित्राऐवजी स्क्रीन रीडर वाचतो ते शब्द. त्यात द्यावं पोस्टरवर लिहिलेलं सगळं: विषय, वक्ते, तारीख, वेळ, जागा, नोंदणी कुठे करायची. ‘पोस्टर’ किंवा ‘व्हॉट्सअ‍ॅप इमेज’ एवढंच लिहिणं म्हणजे पत्रावर फक्त ‘पत्र’ लिहून पाठवणं. मजकूर लांब असेल तर तो पोस्टरखाली सगळ्यांना दिसेल असा लिहा. नुसत्या शोभेच्या चित्राचा पर्यायी मजकूर मात्र मुद्दाम रिकामा ठेवावा, म्हणजे स्क्रीन रीडर त्याला ओलांडून पुढे जातो. कुलगुरूंचं छायाचित्र शोभेचं की माहितीचं, या वादात आम्ही पडत नाही.

व्याख्यानांच्या व्हिडिओंना सबटायटल आपोआप येतात. तेवढं पुरे ना?

सुरुवात म्हणून ठीक. पण यंत्राने लिहिलेल्या ओळी कुणीतरी वाचून दुरुस्त करायला हव्यात. विशेषनामं, सूत्रं आणि तांत्रिक शब्द यांत यंत्र नेमकं चुकतं, आणि व्याख्यानात महत्त्वाचं तेच असतं.

हा प्रश्न मोठमोठ्या विद्यापीठांनाही अवघड गेला आहे. अमेरिकेत कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१५ मध्ये हार्वर्ड आणि एमआयटी यांच्यावर याच कारणासाठी दावे लावले. पुढे दोन्ही विद्यापीठांनी तडजोड करून सबटायटल देण्याचं मान्य केलं. बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाची गोष्ट आणखी विचित्र आहे. तिथल्या मोफत व्याख्यानांना नीट सबटायटल नाहीत, असं अमेरिकेच्या न्याय खात्याने २०१६ मध्ये कळवलं. विद्यापीठाने २०१७ मध्ये वीस हजारांहून अधिक ध्वनिचित्रफिती लोकांसाठी बंदच करून टाकल्या. काहींना ऐकू येत नाही तर कुणीच ऐकू नका! शेवटी २०२२ मध्ये विद्यापीठ आणि न्याय खातं यांच्यात समझोता झाला. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो, कारण ‘मग व्हिडिओच टाकत नाही’ हे उत्तर आम्हालाही ऐकायला मिळतं.

शिवाय ज्यांची पहिली भाषा सांकेतिक भाषा आहे, त्यांच्यासाठी सबटायटलची मराठी ही दुसरी भाषा असते. प्रवेश, शुल्क, परीक्षेचे नियम असं महत्त्वाचं काही असेल तर सांकेतिक भाषेतला छोटा व्हिडिओ करणं योग्य. दृष्टिहीनांसाठी वक्त्याने एक सवय लावून घ्यावी. ‘या आकृतीत दिसतंय त्याप्रमाणे’ म्हणण्याऐवजी काय दिसतंय ते बोलून दाखवावं.

आमचं परिपत्रक मराठीतच असतं. भाषेची वेगळी काय अडचण?

हे वाचा: ‘उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, ज्या विद्यार्थ्यांनी विहित मुदतीत परीक्षा अर्ज सादर केलेले नाहीत अशा विद्यार्थ्यांना विलंब शुल्कासह अर्ज सादर करण्यास सोबत जोडलेल्या तक्त्यानुसार मुदतवाढ देण्यात येत आहे.’

आता हे: ‘परीक्षेचा अर्ज भरायचा राहिला असेल तर विलंब शुल्क भरून तो शुक्रवार, १४ तारखेपर्यंत भरता येईल.’

पहिल्या वाक्यात कामाची एकच गोष्ट होती, तारीख, आणि ती वाक्यात नाहीच, जोडलेल्या तक्त्यात आहे. डिस्लेक्सिया असलेला विद्यार्थी, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाचे पालक, सांकेतिक भाषेतून विचार करणारी मुलगी, या सगळ्यांना पहिलं वाक्य भिंतीसारखं लागतं. खरं सांगायचं तर ते लिहिणाऱ्यालाही दुसऱ्यांदा वाचावं लागतं. कार्यालयीन भाषेचा मान राखायचा असेल तर राखा, पण वर दोन ओळींत साध्या मराठीत सांगा: कुणासाठी, काय, कधीपर्यंत.

ऑनलाइन अर्जात लोक कुठे अडकतात?

पहिलं, रकान्याचं नाव. ‘आईचं नाव’ हे शब्द चौकटीच्या वर दिसतात, पण कोडमध्ये त्या चौकटीशी जोडलेले नसतात. मग ऐकू येतं फक्त ‘एडिट, ब्लँक’. असे तीस रकाने. दुसरं, वेळ. वीस मिनिटांनी अर्ज आपोआप बंद होतो आणि भरलेलं सगळं जातं. एका हाताने किंवा तोंडात काडी धरून टाइप करणाऱ्याला वीस मिनिटं पुरत नाहीत. वेळ संपण्याआधी सूचना द्यावी आणि एखादी कळ दाबून मुदत वाढवता यावी. तिसरं, कॅप्चा, म्हणजे माणूसच आहात ना हे बघायला वाकडीतिकडी अक्षरं ओळखायला लावणारं चित्र. ते स्क्रीन रीडरला वाचता येत नाही. चौथं, चूक झाल्यावर रकान्याभोवती नुसती लाल चौकट. काय चुकलं ते शब्दांत सांगा.

आणि माउसशिवाय अर्ज पुरा भरता येतो का, हे एकदा स्वतः करून बघा. जन्मतारखेच्या कॅलेंडरमध्ये बहुतेक जण अडकतात.

वेबसाइटवर अक्षर मोठं-लहान करायची बटणं बसवली आहेत. झालं ना काम?

नाही. ब्राउझरमध्ये ती सोय पहिल्यापासून आहे. पान २०० टक्के मोठं केल्यावर मजकूर कापला जात नाही ना, हे बघणं जास्त मोलाचं. एक ओळ कोड टाका आणि साइट सुगम झाली असं सांगणारी विकतची साधनंही येतात. ती स्कॅन केलेल्या परिपत्रकात अक्षरं भरू शकत नाहीत, आणि अनेकदा स्क्रीन रीडरच्या कामात लुडबुड करतात.

गणिताची सूत्रं?

चित्र म्हणून टाकू नका. वेबपानावर सूत्रं लिहिण्याची मॅथएमएल ही कोडभाषा १९९८ पासून आहे आणि २०२३ पासून क्रोममध्येही दिसतं. त्यातलं सूत्र स्क्रीन रीडर योग्य साधनं जोडल्यावर नीट वाचतो. वर्डमधलं समीकरणाचं साधन वापरलंत तरी पुढे रूपांतर करता येतं.

आमच्या विभागात असे विद्यार्थीच नाहीत. मग हे कुणासाठी?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या दर सहा माणसांपैकी एकाला लक्षणीय स्वरूपाची अक्षमता आहे. ती पुष्कळदा दिसत नाही. मंददृष्टी, कमी ऐकू येणं, डिस्लेक्सिया, दीर्घ आजार या गोष्टी कुणी कपाळावर लिहून फिरत नाही. आणि विद्यार्थीच कशाला? पालक, माजी विद्यार्थी, नोकरीसाठी अर्ज करणारे, आपले प्राध्यापक यांनाही हीच माहिती लागते.

शिवाय वाट नसेल तर माणूस येणार कुठून? पोलिओमुळे मानेखालचं शरीर लुळं पडलेला एड रॉबर्ट्स १९६२ मध्ये बर्कलीला शिकायला आला. त्याच्या लोखंडी श्वसनयंत्राचं ओझं पेलेल असं वसतिगृहच नव्हतं, म्हणून तो आवारातल्या इस्पितळात राहिला. तो राहू शकतो म्हटल्यावर त्याच्यामागून इतर आले आणि १९७० मध्ये तिथे अपंग विद्यार्थ्यांनीच चालवलेलं मदत केंद्र उभं राहिलं. हो, व्हिडिओ बंद करणारं बर्कली तेच.

अपंग म्हणावं की दिव्यांग?

अर्जावर कायद्यात असेल तो शब्द लिहा, समोरच्या व्यक्तीला तिला आवडेल तो. ‘दिव्यांग’ अनेकांना रुचत नाही, ‘अपंग’ काहींना बोचतो. ‘मूकबधिर’ मात्र टाळा. कर्णबधिर व्यक्ती मुकी असते असं नाही.

इमारतींची माहिती देताना ‘व्हीलचेअरसाठी सोय आहे’ एवढं लिहिलं तर चालेल?

सोय आहे की नाही हे आपण ठरवू नये, मापं द्यावीत. ‘मुख्य दाराला तीन पायऱ्या, मागच्या दाराला उतार, दाराची रुंदी ८५ सेंटिमीटर, लिफ्ट दुसऱ्या मजल्यापर्यंत, स्वच्छतागृह तळमजल्यावर.’ वाचणारा आपलं आपण ठरवेल. लिफ्ट बंद पडली तर ते लिफ्टवर चिकटवण्याआधी वेबसाइटवर लिहा. लिफ्टवरचा कागद वाचायला तिथपर्यंत जावं लागतं.

सगळं केलं की तपासायचं कसं?

माउस बाजूला ठेवा आणि टॅब कळीने पानभर फिरा. आत्ता कुठे आहोत ते दिसत नसेल तर तिथेच पहिली दुरुस्ती. मग एनव्हीडीए उतरवून घ्या आणि आपलंच परिपत्रक ऐका. आपोआप तपासणारी साधनं रंग, पर्यायी मजकूर, रकान्यांची नावं पकडतात. पर्यायी मजकूर अर्थपूर्ण आहे का, हे त्यांना कळत नाही. ते अपंग विद्यार्थ्यांनाच विचारा, आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्या. चहावर भागवू नका.

जुनी हजारो परिपत्रकं स्कॅन करून ठेवली आहेत. त्यांचं काय?

त्यांच्यापासून सुरुवात करू नका, दमून जाल. उद्या निघणारं परिपत्रक नीट काढा. मग प्रवेश, शुल्क, अर्ज, अभ्यासक्रम, वेळापत्रक ही पानं घ्या. बाकीच्यांसाठी पानावर एक फोन नंबर आणि एक ईमेल द्या, आणि त्यामागे उत्तर देणारी व्यक्ती बसवा. कुणी जुनं परिपत्रक मागितलं की दोन दिवसांत टाइप करून पाठवा. टाइप केलेली ती प्रत वेबसाइटवरही चढवा, म्हणजे तेच पुन्हा कुणाला मागावं लागणार नाही. आणि कृपा करून तिची प्रिंट काढून स्कॅन करू नका.